तुटली की तोडली?

आपल्या मराठी भाषेने एकाच घटनेसाठी दोन दोन क्रियापदे जवळ बाळगली आहेत. पेला फुटतो आणि पेला कोणी फोडतो; दूध सांडते आणि दूध कोणी सांडवतो; दोरी तुटते आणि दोरी कोणी तोडतो. शाळेत व्याकरण शिकवताना हा भेद आम्ही अकर्मक आणि सकर्मक या दोन शब्दांत फळ्यावर मांडत असू आणि मुले तो वहीत उतरवून घेत. त्या भेदाच्या पोटात नीतीचा एखादा अवघड प्रश्न दडून बसला असेल, असे इतक्या वर्षांत एकदाही आमच्या मनात आले नाही. तो प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो निवृत्तीनंतर, आणि तोही एका जीपच्या कापडी हुडाच्या चेनमुळे. विषय क्षुल्लक आहे, हे आम्ही आधीच मान्य करतो. वाचकांनी थोडा धीर धरावा.

ही जीप आमच्या धाकट्या बंधूंनी २००९ साली वापरलेली अशीच विकत घेतली. वाडीतली केळी, फुले, भाजीच्या गोणी आणि आल्यागेल्या पाहुण्यांची ने-आण हे तिचे काम. तिला लोखंडी छप्पर नाही. नळ्यांच्या सांगाड्यावर ताणून बसवलेला रेक्झिनचा हूड आहे. बाजूंना आणि मागे पडदे, पडद्यांत जाड पारदर्शक प्लास्टिकच्या खिडक्या, आणि या सर्वांना एकमेकांशी जोडून ठेवणाऱ्या चेन. दुसऱ्या महायुद्धातील जीपचे छप्परही कापडीच होते, परंतु ते पट्ट्यांनी आणि बटणांनी आवळलेले असे. चेनची सोय पुढच्या काळातील हुडांत रुळली. सोय मोठी आहे हे खरे. उन्हाळ्यात चेन उघडून मागचा पडदा वर गुंडाळून बांधला की वसईच्या किनाऱ्यावरचा वारा गाडीतून आरपार वाहतो. पावसाळ्यात तीच चेन लावली की चार माणसे आणि त्यांचे सामान कोरडे राहते. हूड, सांगाडा, खिडक्या हे सारे डोळ्यांत भरते. चेनकडे मात्र कोणी पाहत नाही.

२०१७ च्या जुलै महिन्यातील गोष्ट. आमच्याकडे तेव्हा शेजारच्या पाड्यावरचा एक तरुण चालक म्हणून होता. आम्ही त्याला घरच्या मुलासारखा मानीत होतो. निदान आमची तशी समजूत होती. त्या दिवशी आम्ही त्याच्या स्वाधीन जुन्या नियतकालिकांचे दोन गठ्ठे केले. स्थानकाजवळच्या बाइंडरकडे ते बांधणीसाठी पोचवायचे होते. तीस-पस्तीस वर्षे जपून ठेवलेले अंक होते ते, आणि त्यांतील काहींची दुसरी प्रत आमच्या माहितीत कोणापाशीही नव्हती. तो निघाला तेव्हा आकाश भरलेले होते, पण पाऊस नव्हता. मागचा पडदा गुंडाळलेला होता. वाटेत सर कोसळली. त्याने गाडी कडेला घेतली, पडदा सोडला आणि चेन लावायला घेतली. चेन अर्ध्यावर अडली. मग एकदम सरकली, आणि रनर पुढे जात असताना त्याच्या मागे दात एकामागून एक उघडे पडत गेले. त्याने रनर पुन्हा खाली आणला आणि पुन्हा वर ओढला. या दुसऱ्या ओढीत दोन-तीन दात पट्टीपासून निखळले आणि रनर हातात आला. पुढचा सारा रस्ता पडदा फडफडत राहिला आणि पाऊस गाडीत येत राहिला. वरचा गठ्ठा पार भिजला. गुळगुळीत कागदाची मुखपृष्ठे एकमेकांना अशी चिकटली की सोडवताना छापलेली अक्षरेच निघून आली.

"सर, मी जोरात नाय ओढली. ती तशीच आली हातात," तो म्हणाला.

"चेन तोडलीस आणि वर हे?" आम्ही म्हणालो.

नव्या चेनचा खर्च मजुरीसह अठराशे रुपये सांगण्यात आला. ती रक्कम आम्ही ऑगस्ट आणि सप्टेंबर या दोन महिन्यांच्या पगारातून निम्मी निम्मी कापून घ्यायचे ठरवले आणि त्याला तसे सांगितले. तो काही बोलला नाही. हप्ते पाडून आपण उदारपणा दाखवला, असेही आम्हांला तेव्हा वाटले होते. हे लिहिताना संकोच होतो, पण वाटले होते खरे.

आठवड्याभराने आम्ही स्वतः जीप घेऊन हूड आणि सीटकव्हर शिवणाऱ्या कारागिराकडे गेलो. वयस्क गृहस्थ, चष्मा दोऱ्याने बांधलेला, बोटांना सुयांनी पडलेले घट्टे. त्यांनी आमची हकिकत ऐकून घेतली, पण त्यांचे लक्ष आमच्याकडे नव्हते. ते चेनच्या दातांवरून नख फिरवीत होते. नखाला पांढरी पूड लागली. मग त्यांनी निखळलेला रनर उजेडाकडे धरला आणि त्याची फट आम्हांला दाखवली.

"याचं तोंड फाकलंय, साहेब. ही त्या दिवशी नाही तुटली. दोन पावसाळे तरी झाले असतील हिला."

चेन चालते कशी, हे आम्हांला त्या दिवशी प्रथम समजले. आयुष्यभर सदऱ्यापासून दप्तरापर्यंत चेन वापरणाऱ्या माणसाने हे ठाऊक करून घेऊ नये, याचे आता आम्हांला आश्चर्य वाटते. प्रत्येक दाताला एका अंगाला उंचवटा असतो आणि दुसऱ्या अंगाला खळगा. एकाचा उंचवटा समोरच्या पट्टीवरील दाताच्या खळग्यात बसतो. रनरच्या आत इंग्रजी वाय अक्षरासारखी वाट असते. तिच्या दोन तोंडांतून दोन ओळी आत शिरतात. वळणावर दात किंचित फाकतात, म्हणून समोरच्या दाताला मध्ये शिरायला जागा मिळते, आणि बाहेर पडताना ते सरळ होऊन एकमेकांत अडकून बसतात. म्हणजे जोडण्याचे काम दातांचे नव्हे. दात फक्त जोडले जातात. जोडणारा तो रनर. त्याच्या वरच्या आणि खालच्या पातींमधले अंतर अगदी केसभर वाढले तरी तो दातांवर पुरेसा दाब देऊ शकत नाही आणि ते त्याच्या पाठीमागे उघडे पडतात. पाहणारा म्हणतो, दात गेले. दात पुष्कळदा शाबूत असतात. झिजलेला असतो रनर; पण दात दिसतात आणि रनरचे पोट दिसत नाही, म्हणून दोष दातांच्या नावावर पडतो.

या वस्तूचा इतिहासही गमतीचा आहे. व्हिटकम जडसन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी आकडे आणि कड्या यांची एक सरकती जोडणी १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडली. तिला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. पुढे तिच्यात सुधारणा होत राहिल्या, तरी ऐन वेळी उघडण्याची तिची खोड गेली नाही. स्वीडनहून अमेरिकेत आलेल्या गिडिऑन सुंडबॅक यांनी १९१३ साली आकडे टाकून देऊन एकसारखे, एकमेकांत बसणारे दात आणले. १९१७ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. १९२३ साली एका रबर कंपनीने आपल्या पावसाळी बुटांना ही चेन लावली आणि सरकण्याच्या आवाजावरून 'झिपर' हे नाव रूढ केले. म्हणजे दात आले १९१३ साली आणि नाव आले दहा वर्षांनी. हेन्री फोर्डची मॉडेल टी मोटार १९०८ सालची. चेन मोटारीहून धाकटी, हे आमच्या लक्षात कधी आले नव्हते.

आता ती पांढरी पूड. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे कण असतात. आमचे घर किनाऱ्यापासून लांब नाही, आणि वसईच्या खाडीकडेची मिठागरे वाचकांच्या परिचयाची आहेत. मीठ हवेतला दमटपणा ओढून घेते, हे पावसाळ्यात मिठाची बरणी उघडणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. बहुतेक रनर जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. जस्ताचा गंज तांबडा नसून पांढरा असतो; म्हणून त्या पुडीत मीठ किती आणि गंज किती, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्यात रस्त्याची बारीक माती मिसळली की रनरच्या पोटात घासकागदासारखा लेप तयार होतो. मग प्रत्येक वेळी चेन लावणे म्हणजे रनरला आतून घासणे. एका वेळी काहीच कळत नाही. दिवसातून दोन वेळा, दोन वर्षे.

आणखी एक कारण कारागिरांनी दाखवले. हुडाच्या खिडक्यांचे मऊ प्लास्टिक उन्हात सैल पडते आणि गारव्यात आखडते, ताठर होते. आमचा मागचा पडदा सबंध उन्हाळाभर गुंडाळून ठेवलेला असे. तो जुलैच्या गार पावसात एकदम सोडला की दोन्ही कडा पूर्वीसारख्या एकमेकींजवळ येत नाहीत. चेनला त्या ओढून आणाव्या लागतात. हे चेनचे काम नव्हे. कडा आधी दुसऱ्या हाताने जुळवून धरायच्या आणि मग रनर सरकवायचा. म्हणजे ज्या दोन बाजू आधीच शेजारी आल्या आहेत, त्यांना चेन बांधून ठेवते. दूर राहिलेल्यांना ती जवळ ओढू लागली की झिजते.

"कोणी बोललं नाही का तुम्हाला, चेन जड चालते म्हणून?" कारागिरांनी सहज विचारले. ते तोपर्यंत शिवण उसवायला बसले होते आणि उत्तराची त्यांना अपेक्षाही नसावी.

आम्ही नाही म्हणणार होतो. आणि तेवढ्यात आठवले. मार्च महिना, सकाळची वेळ, आम्ही पायरीवर वर्तमानपत्र वाचत बसलेलो. तो गाडी पुसून झाल्यावर समोर येऊन उभा राहिला होता. "सर, मागची चेन जड चालते. एकदा दाखवून घेऊ का?" आम्ही वर्तमानपत्रावरून नजर न काढता म्हणालो होतो, "पावसाआधी बघू." पाऊस आला. आम्ही बघितले नाही. त्याने पुन्हा विचारले नाही, कारण त्याला उत्तर मिळालेले होते.

आम्ही कारागिरांना काय उत्तर दिले, ते येथे लिहिण्यासारखे नाही. विषय बदलला, एवढेच सांगतो.

येथून आमचा खरा प्रश्न सुरू होतो. चेन कोणाकडून तुटली? घटनेला साक्षी एकच हात होता आणि तो त्या मुलाचा. परंतु त्या हाताच्या मागे दोन वर्षांचे मीठ होते, उन्हाळाभर गुंडाळलेला पडदा होता, मार्चमधले आमचे दोन शब्द होते. यांपैकी एकही गोष्ट कोणी 'केली' असे म्हणता येत नाही. मीठ आले. पडदा राहिला. बघायचे राहून गेले. दुर्लक्षाला कर्ता नसतो. ते थेंबाथेंबाने साचते आणि ज्या क्षणी सांडते त्या क्षणी जो जवळ उभा असतो, त्याचे नाव त्याला मिळते. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर दीर्घकाळ चाललेल्या अकर्मक क्रियेला अखेरच्या क्षणी आपण एक कर्ता चिकटवतो.

आणि तो कर्ता कोण असतो, हेही पाहण्यासारखे आहे. जो वस्तू अधिक हाताळतो, त्याच्याच हातात ती मोडण्याचा संभव अधिक. कपबशा घरकाम करणाऱ्या बाईच्या हातून फुटतात, कारण कपबशा तीच धुते. आमच्या घरात सात वर्षे ती चेन आम्ही किती वेळा लावली असेल? फार तर दहा-बारा वेळा. मग ती आमच्या हातात तुटणार कशी? कष्ट ज्याच्या वाट्याला, दोष त्याच्याच वाट्याला, अशी ही वाटणी आहे, आणि तिच्यात कोणी लबाडी केलेली नसते. ती आपोआप होते. म्हणूनच आम्हांला ती लबाडीपेक्षा अधिक धोक्याची वाटते.

एक प्रयोग आम्ही मनाशी करून पाहिला. तीच चेन, तोच पाऊस, पण ओढणारे आम्ही असतो तर? घरी येऊन आम्ही काय म्हटले असते? काही शंका नको. "चेन तुटली. जुनीच झाली होती," असेच म्हटले असते, आणि घरातल्या कोणी "तुम्ही तोडलीत" असे म्हटले असते तर आम्हांला ते लागले असते. आपल्या हातात वस्तू तुटते. दुसऱ्याच्या हातात ती तोडली जाते. क्रियापद बदलते ते घटनेकडे पाहून नव्हे, हाताकडे पाहून. इतकी वर्षे हे प्रकरण शिकवले आणि हा नियम आम्हांला व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकात आढळला नव्हता.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वाजवी आहे. असा कारणांचा माग काढत गेले तर कोणीच कशाला जबाबदार राहणार नाही. मुलाने बोट दाखवावे मालकाकडे, मालकाने मिठाकडे, आणि मिठाने समुद्राकडे. निष्काळजी हात जगात नसतात, असे थोडेच आहे? आमचाच एक भाचा प्रत्येक चेन अशी ओढतो की जणू तिच्याशी त्याचे वैर आहे. शिवाय कारागिरांनी आमच्या समाधानासाठी काही झाकून ठेवले नाही. चेन शिवता शिवता ते म्हणाले होते, "पोराने दुसऱ्यांदा ओढली नसती तर दात राहिले असते. रनर बदलून भागलं असतं." नवा रनर अगदी थोड्या पैशांत येतो. संपूर्ण चेन बदलायची तर जुनी शिवण उसवावी लागते, आणि नव्या सुईने नवी भोके पडली तर त्या प्रत्येक भोकातून पुढे पाणी गळते. म्हणून चांगला कारागीर जुन्याच भोकांतून टाके घालतो आणि त्याला दिवस लागतो. अठराशे रुपयांतला मोठा भाग त्या दिवसाचा होता. तेव्हा दुसऱ्या ओढीचा हिशेब कोणाच्या खात्यावर?

आम्ही यावर पुष्कळ विचार केला आहे आणि आमचे उत्तर पूर्ण समाधानकारक आहे असा दावा नाही. ती दुसरी ओढ त्याची होती, हे खरे. पण त्याने ती कशासाठी ओढली? मागे आमचे गठ्ठे होते. त्याला त्या अंकांची किंमत ठाऊक असण्याचे कारण नाही, पण आम्ही ते किती जपून गाडीत ठेवले, हे त्याने पाहिले होते. अडलेली चेन पुढे न रेटता मागे घ्यावी, अडकलेले कापड सोडवावे आणि दुसरी कड हाताने जवळ आणून मग सरकवावी, हे शहाणपण कोरड्या अंगणात सुचते. भर पावसात, दुसऱ्याचा माल भिजत असताना, हात घाई करतो. ती घाई आमच्यासाठी होती. तिच्यात त्याचा वाटा असेल तर असो. पण अठराशेपैकी अठराशे तो नव्हता.

'मोडतोड' आणि 'कसूर' या दोन शब्दांत जे अंतर आहे, ते आमच्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको. करायचे होते ते केले नाही, याची कबुली ते प्रार्थनेत नेहमी देत आले आहेत. पण कबुली देताना आपल्या डोळ्यांसमोर काय असते? न केलेली मोठी दानधर्माची कृत्ये, न घेतलेल्या आजाऱ्यांच्या भेटी. "पावसाआधी बघू" हे वाक्य आमच्या कबुलीत कधी आले नव्हते. ते पाप म्हणावे इतके मोठे नाही, आणि विसरावे इतके लहान राहिले नाही.

आता देखभालीविषयी. त्या दिवसापासून चेनची निगा आम्ही स्वतःकडे घेतली आहे आणि तिची रीत येथे सांगितली तर ती कोणाच्या तरी उपयोगी पडेल. पावसाळा संपला की आणि त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी चेन गोड्या पाण्याने धुवावी. पाण्यात थोडा सौम्य साबण, हातात दात घासण्याचा जुना ब्रश. दोन्ही पट्ट्यांचे दात आणि रनरचे पोट यांतली माती निघेपर्यंत घासावे, पुष्कळ पाणी ओतावे आणि पुरते वाळू द्यावे. ओला पडदा गुंडाळून ठेवू नये. वाळल्यावर दातांवर मेण घासावे. मेणबत्तीचा तुकडा पुरतो. आमच्याकडे नोव्हेंबरमध्ये स्मशानातून परत आणलेली उरलेली मेणबत्ती त्या कामी येते. बाजारात सिलिकॉनचा फवाराही मिळतो आणि तो अधिक काळ टिकतो. मेण लावून रनर तीन-चार वेळा वरखाली करावा आणि जादा मेण फडक्याने पुसून टाकावे. तेल मात्र लावू नये. आमचे बंधू उदार हाताने यंत्राचे तेल घालत. दोन दिवस चेन लोण्यासारखी चाले आणि तिसऱ्या दिवशी त्या तेलाला सगळ्या रस्त्याची धूळ चिकटे. रनरचे तोंड फाकू लागले असेल तर दोन्ही कडांनी पकडीने अगदी हलका दाब द्यावा. जास्त दिला तर ते ओतीव धातू चटकन मोडते. चेन लावताना खालची खीळ घरात पूर्ण बसली आहे, याची खात्री केल्याशिवाय रनर हलवू नये. आणि जी चेन महिनोन्महिने वापरावी लागत नाही, तीही अधूनमधून सरकवत राहावी, कारण न हलणारा रनर किनाऱ्यावर जागच्या जागी गंजून बसतो. एवढे केले तरी उन्हाने शिवणीचा दोरा कुजतोच. चेन शाबूत आणि दोरा गेलेला, असेही हूड आम्ही त्या कारागिरांकडे पाहिले आहेत.

या सगळ्याला अर्धा तास लागतो. अर्ध्या तासाच्या शेवटी हाती काय येते? जी चेन काल होती, तीच आज. जर्मनीत जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या विचारवंत हॅना आरेंट यांनी १९५८ सालच्या 'द ह्यूमन कंडिशन' या ग्रंथात माणसाच्या खटपटीचे प्रकार वेगळे केले आहेत. एक श्रम असे की त्यांच्यामागे काही उरत नाही, ते रोज नव्याने करावे लागतात. दुसरे काम असे की त्यातून टिकाऊ वस्तू उभी राहते. जगाला क्षयापासून राखण्याची धडपड त्यांनी पहिल्या प्रकारात घातली आहे, आणि तिच्यात पराक्रमाची चमक नसते हेही त्यांनी ओळखले आहे. हूड शिवणाऱ्याला लोक कारागीर म्हणतात. हुडाची चेन पुसणाऱ्याला नाव नाही. न तुटलेल्या चेनबद्दल आजवर कोणी कोणाचे आभार मानलेले आम्ही ऐकलेले नाहीत. ती तुटली नाही, हे कळणार कोणाला? येथे तर ज्याने चेनकडे लक्ष दिले, तिचा जडपणा बोटांना जाणवल्याबरोबर येऊन सांगितला, तोच तिचा मारेकरी ठरला.

आम्हांला कळले त्या दिवशीच आम्ही पैसे परत करायला हवे होते. पगाराचा दिवस पुढे होता, कापलेले काही नव्हते. नुसते शब्द मागे घ्यायचे होते. घेतले नाहीत. का, ते सांगणे कठीण आहे. त्याने निमूट मान्य केले होते, तेव्हा प्रकरण मिटलेच आहे, अशी एक पळवाट होती. घरात आपण बोललो ते फिरवले तर पुढे आपले ऐकणार कोण, अशीही एक. आणि तिसरी, सर्वांत खरी: ते शब्द मागे घ्यायचे तर मार्च महिन्यातली ती सकाळ मोठ्याने सांगावी लागली असती. ऑगस्टमध्ये नऊशे कापले. सप्टेंबरमध्ये नऊशे कापले. डिसेंबरमध्ये त्याला दुसरीकडे काम मिळाले आणि तो गेला. जाताना पाया पडून गेला.

२०२० साली हूड पुरता नवा शिवला. कारागीर तेच. चेन मात्र आम्ही पाहून, रनर सरकवून, निवडून घेतली.

तो आम्हांला पुन्हा भेटला २०२२ च्या मे महिन्यात, पेट्रोल पंपावर. स्वतःचा टेम्पो घेतला होता. मागे ताडपत्री, तिच्या कडा नीट दोरीने आवळलेल्या. आम्हांला पाहून खाली उतरला, घरच्या सर्वांची विचारपूस केली. आम्ही त्याला दुसऱ्या दिवशी घरी बोलावले आणि पाकीट तयार ठेवले. तो आला. आम्ही सांगितले, सगळे सांगितले. कारागीर काय म्हणाले ते, आणि मार्चमधले आमचे उत्तरही. तो ऐकत होता. मार्चचे बोलणे त्याच्या लक्षात होते, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसले.

"ते तेव्हाच झालं, सर," तो म्हणाला आणि पाकिटाला त्याने हात लावला नाही.

आम्ही आग्रह केला. तो उठला आणि अंगणात गेला, जिथे जीप उभी होती. तिच्या मागे जाऊन त्याने डाव्या हाताने पडद्याची कड जवळ धरली आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी रनर वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला.

"हलकी चालते आता," तो म्हणाला.

मग पायांत चपला सरकवून तो टेम्पोकडे गेला. पाकीट आमच्या हातातच होते.